खेळाधारित सुरक्षा प्रशिक्षण

धोकादायक रसायने, वायू व ज्वालाग्राही द्रव हाताळणाऱ्या कामगारांना पट, पत्ते, काल्पनिक प्रसंग किंवा संगणकीय अनुकृती यांच्या साहाय्याने निर्णयाचा सराव देण्याची पद्धत. बेळगाव (अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्याच्या सीमाभागात तिची गरज भासेल असे उद्योग पुष्कळ आहेत : कॉस्टिक सोडा वापरणारा ॲल्युमिना कारखाना, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्या (धातूच्या ओतशाळा), चिकोडी-हुक्केरी-अथणी पट्ट्यातील साखर कारखाने आणि त्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्या (मद्यार्क तयार करणारे कारखाने). निपाणी-संकेश्वरमार्गे जाणाऱ्या पुणे–बंगळूर महामार्गावरील टँकरवाहतूक ही आणखी एक बाब.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास रूढ झालेल्या युद्धपटापर्यंत नेतात, तर काही १९३२ साली लेनिनग्राडमध्ये कारखाना-व्यवस्थापनासाठी रचलेल्या खेळाला अग्रक्रम देतात. भारतीय लेखनात मात्र सापशिडीचा उल्लेख हटकून येतो. ४ मार्चपासून पाळल्या जाणाऱ्या सुरक्षा सप्ताहात तिचे पट अनेक कारखान्यांत वापरले जातात, हे त्याचे एक कारण असावे. सापशिडीचे पूर्वरूप मानल्या जाणाऱ्या मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे (१२७५–९६) दिले जाते. उपलब्ध पट बहुतांशी अठराव्या शतकापासूनचे आहेत. त्यांत जैनांचे ८४ घरांचे व वैष्णवांचे ७२ घरांचे असे भेद आढळतात. तेव्हा निरनिराळ्या संप्रदायांनी एकच आराखडा आपापल्या शिकवणीसाठी वापरला, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरेल. प्रशिक्षणाच्या दृष्टीने या वादापेक्षा पटाची रचना महत्त्वाची आहे. सोंगटी कुठे पडेल हे फासा ठरवतो, खेळणारा नव्हे. शिडीखाली ‘हातमोजे घातले’ असे छापल्याने हे वैगुण्य जात नाही.

भोपाळ दुर्घटनेनंतर (२–३ डिसेंबर १९८४) कारखाना अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन सुरक्षेविषयी माहिती व प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यांत दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल आवश्यक आहे. दोन ड्रिलमधल्या काळात सराव टिकवणे, हे खेळाचे खरे क्षेत्र.

टँकरवरील हॅझकेम संकेतावर (गळती वा आग झाल्यास काय करावे हे सांगणाऱ्या अंक-अक्षरांवर) आधारलेला पत्त्यांचा खेळ सीमाभागाला विशेष सोयीचा आहे. क्लोरीनच्या पत्त्यावर संयुक्त राष्ट्र क्रमांक (घातक पदार्थाचा ओळख क्रमांक) १०१७ व संकेत ‘२एक्सई’ असतो. यातील २ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा. एक्स म्हणजे पूर्ण अंगरक्षक पोशाख घालावा आणि सांडलेले गटारात जाऊ न देता अडवून धरावे. ई म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करावा. गंधकाम्लाचा ‘२पी’ आणि पेट्रोलचा ‘३वायई’ शेजारी ठेवले की पाणी कुठे चालते आणि फेस कुठे लागतो, हे खेळता खेळता पक्के होते. संकेत अंकाक्षरी असल्याने मराठी व कन्नड बोलणारे कामगार एकाच डावात बसू शकतात. अशा मालाच्या वाहनचालकाला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणे आणि तीन दिवसांचे प्रशिक्षण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केले आहे. हमाल आणि क्लीनर यांना मात्र ही अट नाही.

प्रसंगखेळात क्रमाला महत्त्व असते. डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला कामगार कोसळतो, अशी कल्पना करून डाव मांडतात. अशा टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड असतो आणि जास्त प्रमाणात असल्यास नाकाला त्याचा वास येईनासा होतो. सोबत्याला काढायला तसाच खाली उतरणारा खेळाडू बाद होतो. आधी हाकाटी, मग वायुमापन, मग श्वसनसाधन व दोर, हा क्रम चुकला की डाव थांबवून चर्चा करतात. फाउंड्रीसाठी भट्टीत ओला भंगार पडल्याचा प्रसंग घेता येतो. मदतीला धावून जाणे हा ज्या समाजात संस्कार आहे, तिथे टाकीचा हा खेळ सुरुवातीला अंगावर येतो. त्याची उपयुक्तता त्यातच आहे.

परिणामकारकतेविषयी दोन मते आहेत. २००६ मध्ये ९५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, प्रशिक्षणात कामगाराचा सहभाग जितका अधिक तितके ज्ञान वाढते व अपघात घटतात, असा निष्कर्ष निघाला. २०१२ च्या एका आढाव्याने प्रशिक्षणाने वर्तन सुधारते हे मान्य केले. आरोग्य व इजा यांवरील परिणामाबाबत मात्र पुरावा अपुरा ठरवला. दुसरे मत पुराव्याला अधिक धरून आहे.

आभासी वास्तवाची साधने मोठ्या कारखान्यांपुरती मर्यादित आहेत. साखर पट्ट्यात गाळप हंगामाबरोबर ठेकेदाराची माणसे बदलतात. तिथे हंगामाच्या तोंडावर, शिफ्ट सुरू होण्याआधी खेळता येणारा पत्त्यांचा संच अधिक व्यवहार्य ठरतो.