जुगाराचं नियमन आणि नीतीचा मुद्दा (गोवा)

जुगाराचा कायदा करताना सरकार नुसता महसुलाचा हिशोब सांगत नाही, तर 'तरुण पिढी', 'संसार', 'संस्कृती' असे शब्द पुढे करतं, म्हणजे प्रश्न कराचा न राहता पाप-पुण्याचा होऊन बसतो. गोव्यात हे जितकं उघड दिसतं तितकं देशात क्वचितच कुठे दिसत असेल, कारण इथे एकाच शहरात मटक्यावर धाड पडते आणि समोर मांडवी नदीत कॅसिनो जहाजांचे दिवे रात्रभर लखलखत असतात.

राज्यघटनेत 'पैज आणि जुगार' हा राज्यसूचीतला विषय आहे (नोंद ३४), आणि त्यावर कर लावायचा अधिकारही २०१६ च्या घटनादुरुस्तीपर्यंत त्याच यादीत होता (नोंद ६२). १९५७ साली सुप्रीम कोर्टाने चमारबागवाला खटल्यात ऋग्वेद, महाभारत वगैरेंचे दाखले देऊन सांगितलं की जुगार हा धंदा नाहीच, त्यामुळे धंदा-व्यवसायाचं घटनात्मक संरक्षण त्याला मिळणार नाही. गंमत अशी की तो खटला बंदीचा नव्हता, शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवर मुंबई सरकारने जो कर बसवला होता त्याचा होता, आणि नीतीचा एवढा पाठ वाचून शेवटी कर तेवढा टिकला!

गोव्याचा स्वतःचा जुगारबंदी कायदा १९७६ चा. १९९२ ला त्यात १३-अ कलम घुसवलं, ज्याचा मथितार्थ असा की या कायद्यात काहीही म्हटलेलं असो, सरकार पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीनला परवानगी देऊ शकतं, मग १९९६ ला पाण्यावरच्या जहाजांवर टेबल गेम्सही आले. म्हणजे पत्ते तेच, पैसा तोच, पण जमिनीवर गुन्हा आणि होडीत बसून पलीकडे गेलं की पर्यटन.

राजकारणातही हेच. विरोधात असताना कॅसिनो म्हणजे गोव्याला लागलेली कीड, मनोहर पर्रीकरांनी तेव्हा मशाल मोर्चा काढला होता, पण २०१२ मध्ये सत्ता आल्यावर जहाजं होती तिथेच राहिली. त्याच वर्षी लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तिजोरीला दुसरा आधार हवाच होता, हे कारण काही खोटं नाही. मग तोडगा निघाला तो असा की गोंयकारांना आत सोडायचं नाही. तरतूद पर्रीकरांच्या काळातली, अंमलबजावणी मात्र प्रमोद सावंतांच्या सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून केली. आता गोव्याच्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवलं की माघारी फिरा, आणि दिल्ली-हैदराबादवाल्याने खुशाल जहाजापर्यंत नेणाऱ्या फीडर बोटीत बसावं. त्याचा संसार मोडला तर ते आपल्या हद्दीत येत नाही बहुतेक. सिंगापूरने अशी बंदी घातली नाही, तिथे स्थानिकांना कॅसिनोत शिरायलाच पैसे मोजावे लागतात, २०१९ पासून दिवसाला १५० सिंगापूर डॉलर. परावृत्तही करायचं आणि कमवायचंही, निदान हिशोब सरळ आहे.

मटक्याला असलं कुठलंच कलम मिळालं नाही. बारच्या बाजूला छोटा गाडा, स्टूलवर बसलेला माणूस, कार्बन घातलेलं चिठ्ठ्यांचं बुक, आणि 'ओपन (म्हणजे पहिला आकडा) काय आला रे?' एवढाच संवाद. खेळणारा रोजंदारीवाला, दहा-वीस रुपयांचा आकडा लावणारा. पोलीस अधूनमधून एखाद्याला उचलतात, पेपरात दोन ओळी येतात, थोड्या दिवसांनी गाडा परत उघडतो. जत्रेतल्या जुगाराचं तर अजूनच अवघड, तिथे परंपरा मध्ये येते आणि विरोध करणाराच देवाच्या कामात खोडा घालणारा ठरतो. धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, १९९६ मध्ये हायकोर्टाने बंदी आणली ती बैलांच्या छळापायी, त्यावर लागणाऱ्या पैजांचा मुद्दा मागेच पडला. (शेजारच्या महाराष्ट्राने १९७६ लाच कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला.)

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदीचा कायदा केला, कारणं दिली ती व्यसन, कर्जबाजारीपणा आणि आत्महत्यांची. महिन्याभरात, २२ सप्टेंबरपासून, कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला, आणि मांडवीतली जहाजं चालूच आहेत.