खात्यापित्या घरचं पोर : नागपुरातल्या किशोरवयीन लठ्ठपणामागची पार्श्वभूमी

नववीतल्या पोराची मान मागून काळपट दिसायला लागली की आई आधी साबण बदलते, मग बेसन-लिंबू लावून घासते. पण तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत अशी जाडसर काळी कातडी येते, आणि लठ्ठ मुलांमध्ये ती बरीचदा दिसते. घासून ती जात नाही. पोराला आणि आईला लाज मात्र वाटत राहते. ही लाज मला छळते, कारण खादाड, आळशी असे शिक्के आपण सहज मारतो आणि पोराच्या जन्माआधीपासून चालत आलेलं काही बघतच नाही.

अंग भरलेलं असणं हे आपल्याकडे भाग्याचं लक्षण होतं. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, त्याची राजधानी नागपूर. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर सुकडी (पोषणासाठी दिला जाणारा कोरडा खाऊ) वाटली गेली, ती खाल्लेली माणसं आज आजी-आजोबा आहेत. ‘खात्यापित्या घरचं’ हे कौतुक त्या भुकेतून आलं, गुटगुटीत बाळांच्या स्पर्धाही त्यातूनच आल्या. नातवाच्या ताटात चौथी पोळी वाढणारा हात चुकीचा कसा म्हणायचा?

या भुकेची खूण नुसती मनात नाही, शरीरातही राहते. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांची 19 व्या वर्षी, लष्करभरतीच्या वेळची वजनं तपासली गेली. आईच्या गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत उपासमार झाली होती, त्या मुलांमध्ये लठ्ठपणा जास्त निघाला. हा अभ्यास 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या अधिक जवळचं काम पुण्याचं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, आतून चरबी धरणारं शरीर. टंचाईत तयार झालेलं असं शरीर पुढे सुबत्तेत वाढलं तर वजन आणि साखर दोन्ही लवकर बिघडतात. म्हणूनच भारतीय प्रौढांसाठी जाडीची रेषा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 25 ऐवजी 23 वर धरतात.

आणि सुबत्ता आली ती तेल-साखरेची. विदर्भातल्या घरात ज्वारीची भाकर रोजची, तेल फल्लीचं नाहीतर जवसाचं, पळीने मोजून वापरलेलं. पुढे रेशनचा गहू-तांदूळ रुळला, शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, आणि 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाल्यावर तळण स्वस्त झालं. मॅगी 1983 मध्ये आली होती, कोका-कोला 1993 मध्ये परतली. 300 मिलीच्या कोलात 30 ग्रॅमच्या वर साखर असते. दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आसपास ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते.

खेळाचं काय झालं, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. लेआउटमधले रिकामे प्लॉट हीच आमची मैदानं होती. त्यांवर फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या, सायकलची जागा स्कूटीने घेतली. त्यात इथलं ऊन. 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी नऊनंतर पोर घरात, कूलरसमोर. 2016 नंतर हातात स्वस्त डेटा आला, आणि 2020 च्या टाळेबंदीने उरलासुरला खेळही थांबवला.

आठवीपासून जेईई-नीटचे क्लास लागतात. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक चढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरतं. रात्री बारापर्यंत अभ्यास करणारं पोर फ्रीज उघडतं, त्यात हावरटपणा नसतो. मुलींमध्ये पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) आणि वजन एकमेकांना वाढवतात. आनुवंशिकताही असतेच.

2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातली सुमारे 5 टक्के मुलं जादा वजनाची आढळली, आणि 24 टक्के हडकुळी. एकाच देशातलं, बरेचदा एकाच वर्गातलं हे चित्र. 5 ते 19 वयाची लठ्ठ मुलं देशात 1990 मध्ये सुमारे 4 लाख होती, 2022 मध्ये सव्वा कोटी. टक्का लहान वाटला तरी चढण फार उभी आहे.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी घातली. चांगला नियम आहे. पण दुपारी साडेअकराला जेवलेलं पोर रात्री साडेआठला क्लासमधून सुटतं. खिशात वीस रुपये असतात, समोर समोसा आणि आलुबोंड्याचा ठेला असतो, आणि घर अजून सहा किलोमीटर लांब असतं.