जाड टायरचा मोह

मित्राच्या हिमालयनचा, म्हणजे रॉयल एनफिल्डच्या त्या मोटरसायकलचा, मागचा टायर पार गोटा झाला होता. गाडी जुनी, ४११ सीसीची. २०१६ साली आलेली आणि २०२३ च्या अखेरीस ४५० सीसीच्या नव्या हिमालयनला जागा करून दिलेली. पावसाळा तोंडावर, त्यानंतर लडाखचा बेत. दोघे टायरच्या दुकानात गेलो आणि माप सांगितलं : १२०/९०-१७. दुकानदार म्हणाला, "तो कशाला दादा, १४०/८० टाका. आरामात बसतो, सगळे तोच टाकतात. ग्रिप वाढेल आणि मागून गाडी भरलेली दिसेल."

या एका दमात चार दावे होते. त्यातला गाडी भरलेली दिसण्याचा दावा शंभर टक्के खरा. उरलेल्या तिघांसाठी थोडं गणित करावं लागतं.

आधी तो आकडा वाचू. १२० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, पण जमिनीला टेकणाऱ्या भागाची नव्हे. टायर जिथे सगळ्यात फुगलेला असतो तिथली, आणि तीही ठरलेल्या रुंदीच्या रिमवर बसवून मोजलेली. हे 'ठरलेल्या रिमवर' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ९० ही टक्केवारी : टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे १०८ मिलिमीटर. आणि १७ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं एका ओळीत कोंबलेली ही खिचडी कोणी विचार करून शिजवलेली नाही. जुन्या बुलेटच्या टायरवर नुसतं ३.२५-१९ असायचं, दोन्ही आकडे इंचात. त्या पद्धतीवर नवी पद्धत चढत गेली आणि रिमचा इंच तेवढा मागे राहिला. मधली आडवी रेघ म्हणजे साध्या, तिरक्या विणीचा टायर. रेघेच्या जागी 'आर' असेल तर रेडियल. या दोन प्रकारांच्या भिंतींचा, म्हणजे टायरच्या बाजूंचा, ताठपणा वेगळा असतो, म्हणून कंपनीने स्वतः तशी जोडी दिली नसेल तर पुढे एक आणि मागे दुसरा असा संसार मांडू नये.

आता मोह कुठून येतो ते बघा. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. त्यात वरची-खालची उंची मिळवली, १०८ अधिक १०८, की चाकाचा बाहेरचा व्यास ६४७.८ मिलिमीटर. तेच गणित १४०/८० साठी करा : १४० चे ८० टक्के ११२, दुप्पट २२४, बेरीज ६५५.८. फरक आठ मिलिमीटर, सव्वा टक्कासुद्धा नाही. कागदावर हा टायर अगदी शोभून दिसतो. त्यात नव्या हिमालयन ४५० ला मागे १४०/८० च्याच मापाचा रेडियल येतो. धाकट्याच्या अंगावर शोभतं ते थोरल्याला का नको, असं वाटणं साहजिक आहे.

अडतं ते रिमपाशी. प्रत्येक मापाच्या टायरला किती रुंदीची रिम चालते हे टायर कंपन्यांच्या तक्त्यात दिलेलं असतं. १२०/९० ला पावणेतीन इंचांच्या आसपासची रिम मानवते, १४०/८० ला साडेतीनच्या आसपासची. आपल्या रिमची रुंदी शोधायला कुठे जावं लागत नाही, ती रिमवरच कोरलेली असते, 'एमटी २.५०' अशा थाटात. दुकानदाराच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा तिथे ओला फडका मारून बघावं.

जाड टायर अरुंद रिमवर बसतो, हे खरं. हवा भरली की 'टक्' आवाज करून दोन्ही कडा जागेवर बसतात आणि दुकानदार विजयी मुद्रेने आपल्याकडे पाहतो. पण कडा आत ओढल्या गेल्या की भिंती चिमटल्यासारख्या होतात आणि टायरची पाठ मधोमध वर येते. पाव दोन्ही बाजूंनी दाबला की मधे फुगतो, तसं. साधारण नियम असा की रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली तर टायर पाचेक मिलिमीटरने आकसतो. म्हणजे १४० चे पैसे मोजून आपण १४० वापरतच नाही. आकार मात्र बिघडतो, आणि मोटरसायकलच्या टायरमध्ये सगळा जीव त्या आकारातच असतो.

मोटारीचा टायर चौकोनी ठोकळ्यासारखा असतो, कारण मोटार वळणात झुकत नाही. मोटरसायकल झोपते. झोपताना टायरच्या गोल पाठीवर टेकण्याची जागा मधल्या भागाकडून खांद्याकडे सरकत जाते, आणि ती किती सहज सरकते यावर गाडी घाटात लोण्यासारखी वळते की ओढून वळवावी लागते हे ठरतं. कंपनीने पुढच्या ९०/९०-२१ आणि मागच्या १२०/९०-१७ चे गोलवे एकमेकांना धरून निवडलेले असतात. मागचा चिमटून टोकदार झाला की सरळ रस्त्यावर रबराची मधली अरुंद पट्टी एकटी झिजते, आणि वळणात दोन चाकांचं एकमत होत नाही.

जाड टायरला जास्त झोपवावं लागतं असंही बायकर मंडळी सांगतात. हे खरं आहे, पण किती? ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किलोमीटरने गेलं, तर कागदासारख्या पातळ चाकांवर गाडी साधारण २६ अंश झुकेल. चाकांना जाडी असली की टेकण्याची जागा झुकण्याच्या बाजूला सरकते आणि तोल साधायला आणखी झुकावं लागतं. गाडी आणि स्वार यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरला तर १२० च्या चाकांवर साडेअठ्ठावीस अंश होतात आणि १४० च्या चाकांवर २९. फरक जेमतेम अर्धा अंश, आणि तोही दोन्ही चाकं जाड केली तर. त्यामुळे या मुद्द्यावर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. बिघडलेला गोलवा याच्या कितीतरी पट जास्त जाणवतो.

आता ग्रिप. इथे बहुतेकांची समजूत सरळ आहे : टायर जाड, म्हणजे जमिनीला टेकलेलं रबर जास्त, म्हणजे पकड जास्त. या साखळीची पहिली कडीच कच्ची आहे. डबलसीट आणि सामान धरून मागच्या चाकावर २२० किलो भार आहे आणि हवा ३२ पीएसआय आहे असं समजा. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. २२० ला सव्वादोनाने भागलं की ९८ चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंती स्वतःच्या ताठपणाने थोडा भार पेलतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून थोडा कमी. आपलं टपालखात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. अख्खं बिऱ्हाड घेऊन लडाखची खारदुंग ला खिंड चढणारी गाडी मागे पोस्टकार्डापेक्षा लहान तुकड्यावर टेकलेली असते.

या भागाकारात टायरची रुंदी कुठेच आली नाही. भार आणि हवेचा दाब तोच राहिला, तर टेकणाऱ्या तुकड्याचं क्षेत्रफळही जवळपास तेवढंच राहतं; जाड टायरने फक्त त्याचा आकार बदलतो, लांबट तुकडा आडवा होतो. मग शर्यतीच्या गाड्यांना एवढे रुंद टायर का? कारण त्यांना प्रचंड ताकद आणि उष्णता पेलायची असते, आणि पूर्ण झोपलेल्या अवस्थेत खांद्याशी भरपूर रबर लागतं. त्यांच्या रिमही तशाच असतात, १८०/५५-१७ ला साडेपाच इंचांची. चोवीस-पंचवीस अश्वशक्तीच्या हिमालयनचा हा प्रश्नच नाही. उलट ताम्हिणीत जुलै महिन्यात, रस्त्यावरून पाण्याचे पाट वाहत असताना, लांबट तुकडा पाणी कापत जातो आणि आडव्याला ते जास्त ढकलावं लागतं. पकड वाढवायचीच असेल तर रबराचा दर्जा, नक्षी, टायरचं वय आणि हवेचा दाब या चार ठिकाणी पैसा आणि लक्ष खर्च करावं. त्यातली हवा तर जवळपास फुकट.

'बसतो' या शब्दाचा आणखी एक अर्थ राहिला : आजूबाजूला जागा आहे का? दुकानात चाक मोकळं फिरतं, पण दुकान म्हणजे रस्ता नव्हे. वेगात टायर किंचित फुगतो. चेन एका अंगाने चाटून जाते. चेन ताणून चाक पुढे-मागे केलं की मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या आतल्या आडव्या पट्टीपासूनचं अंतर बदलतं. आणि लाल मातीच्या चिखलातून दोन किलोमीटर गेलात की मडगार्ड आणि टायर यांच्यातल्या फटीत जो गारा बसतो, तो मोठ्या टायरला जागच्या जागी ब्रेक लावतो. कोकणातल्या कच्च्या वाटेवर काठीने चिखल उकरत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यातला एकही त्या वेळी मागून गाडी कशी दिसते याचा विचार करत नव्हता.

काही जण तर १३०/९०-१७ पर्यंत जातात. त्याचा व्यास येतो ६६५.८, म्हणजे १८ मिलिमीटर किंवा पावणेतीन टक्के जास्त. चाकाच्या एका फेरीत गाडी साडेपाच सेंटिमीटर जास्त पुढे जाते. ऐकायला छान, पण त्याचा अर्थ प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. समुद्रसपाटीला ते खपतं. १७ हजार फुटांवर, जिथे हवा विरळ होऊन इंजिन आधीच धापा टाकत असतं, तिथे पहिल्या गिअरमध्ये क्लच जळल्याचा वास येऊ लागतो. मागचा भाग नऊ मिलिमीटर उंच होतो, पुढचं चाक धरणारा फोर्क तेवढा उभा होतो आणि हँडल जरा चुळबुळं होतं. ज्या गाडीचं वेगाचं मोजमाप मागच्या चाकावरून होतं, तिचा काटा शंभर किलोमीटरला सत्त्याण्णवच दाखवतो. ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसचा संगणकही मूळ व्यास धरून दोन चाकांच्या वेगाची तुलना करत असतो. एक-दीड टक्क्याचा फरक मी सोडून देईन, त्यापुढे हात आखडता घेईन. पुढच्या चाकाच्या मापाशी तर अजिबातच खेळणार नाही.

मापाच्या वेडाचा कळस अमेरिकेत पाहायला मिळतो. होंडाच्या गोल्ड विंग या अजस्र टूरिंग गाडीला तिथले काही हौशी लोक मागे चक्क मोटारीचा टायर लावतात, का तर तो जास्त टिकतो. स्वतःच या पंथाला ते 'डार्क साइड' म्हणतात. व्यास जुळतो, भारक्षमता भरपूर असते. पण मोटारीच्या टायरची कड मोटरसायकलच्या रिमच्या खाचेसाठी बनवलेली नसते, आणि वळणात तो चौकोनी ठोकळा एका कडेवर उभा राहतो. हजारो मैल सुखाने फिरलेले लोक त्यांच्यात आहेत, हेही खरं. मी मात्र मागच्या सीटवर बसणार नाही.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने ज्याकडे सगळ्यात आधी बघायला हवं, तो आकडा मात्र सहसा कोणी वाचत नाही. मापाच्या पुढे '६४ एस' असं काहीतरी असतं. ६४ हा भाराचा सांकेतिक क्रमांक, त्याचा अर्थ २८० किलो. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. क्रमांक ६१ असेल तर २५७ किलो, ५४ असेल तर २१२. ६४ आणि ६१ मध्ये दिसायला तीन अंकांचा फरक, पण भारात तेवीस किलोंचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भरलेल्या बॅगांचा. गाडी सुमारे २०० किलो, दोन माणसं १४०, सामान ३०. एकूण ३७०, आणि त्यातला मोठा वाटा मागच्या चाकावर. शिवाय २८० किलोंचं वचन टायर पाळतो ते त्यावर नमूद केलेल्या पूर्ण दाबाला; हवा कमी ठेवली की वचनही तेवढंच ढिलं होतं, भिंती दुमडून-दुमडून तापतात. तेव्हा माप हुबेहूब तेच पण क्रमांक खालचा असा स्वस्त टायर समोर आला तर तो ठेवून द्यावा. क्रमांक वरचा असेल तर हरकत नाही.

आरे असलेल्या चाकात सहसा ट्यूब लागते, हे ४११ च्या मालकांना पंक्चर काढताना कळलेलंच असतं. ट्यूबही मापाचीच घ्यावी आणि टायरसोबत नवी घ्यावी. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते.

मित्राने अखेर १२०/९०-१७ च मागितला. दुकानदाराने जरा नाराजीनेच माळ्यावरून काढून दिला. टायरच्या भिंतीवरच्या लंबगोलात चार आकडे होते : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हिशेब केला तर टायर चार वर्षं माळ्यावर पत्र्याखाली भाजत पडला होता. आम्ही तो परत दिला. दुसऱ्या दुकानात त्याच मापाचा, तीन महिन्यांपूर्वी बनलेला मिळाला, वर शंभर रुपये जास्त देऊन. बसवताना टायरवरच्या बाणाची दिशा तेवढी बघितली. पहिले दीडशे किलोमीटर तो नव्या रबराचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत सांभाळून चालवत होता, आणि सिग्नलला शेजारी थांबलेल्या एकाने मागे वाकून बघत विचारलंच, "एवढा बारीक टायर का टाकलाय?"