हिवाळ्यातलं बर्ड फीडर नागपुरात आलं कुठून?

थंडी सुरू झाली की धरमपेठ, प्रतापनगरकडच्या गॅलऱ्यांत बर्ड फीडर दिसू लागतात. प्लास्टिकची नळी, खाली ताटली, आत बाजरी नाहीतर कनकी. पाखरांना दाणे घालणं आपल्याकडे जुनंच. ते हिवाळ्यात घालायचे, हे मात्र बाहेरून आलं.

डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, त्यात कधी जमीन बर्फाखाली जाते. दहा-वीस ग्रॅमच्या पाखराला सोळा तासांची रात्र अंगातल्या चरबीवर काढावी लागते. १८९०-९१च्या कडाक्यात ब्रिटिश वर्तमानपत्रांनी लोकांना पाखरांसाठी अन्न ठेवायचं आवाहन केलं, आणि १९१० पर्यंत ‘पंच’ साप्ताहिकाने त्याला राष्ट्रीय छंदच ठरवून टाकलं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर आला होता, पण तो विक्रम. एरवी ऐन थंडीतही इथला दिवस पावणेअकरा तासांचा असतो आणि शेतात तूर-हरभरा उभा असतो. इथल्या पाखरांचे खरे हाल मे महिन्यात होतात, तेही पाण्यावाचून.

आपला रिवाज पंचांगाचा आणि सुगीचा. पितृपक्षात कावळ्याला घास, आणि ज्वारी निघाली की पाच-सात कणसं सुतळीने बांधून ओसरीच्या आढ्याला. धानाच्या पट्ट्यात लोंब्या. चिमणी कणसाला उलटी लटकते, एकेक दाणा फोडते, कोंडा खाली पडतो. कणीस वाऱ्यावर कोरडं राहतं. रिकामं झालं की चुलीत जातं. धुवायची भानगड नाही.

मग विदर्भात सोयाबीन आलं, ज्वारी मागे पडली. कौलं जाऊन स्लॅब आले, तशी आढीही गेली. नाशिकहून सुरू झालेला चिमणी दिवस २०१० पासून २० मार्चला पाळला जाऊ लागला आणि त्यासोबत लाकडी घरटी, फीडर शहरांत पसरले. २०२० पासून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ ही मारुती चितमपल्लींची जन्मतारीख (नागपूरकरांना ते आपलेच वाटतात), १२ ही सालिम अलींची. उत्साहाची ही वेळ नेमकी हिवाळ्याच्या तोंडावर येते.

गंमत अशी की हिवाळ्याचे खास पाहुणे फीडरकडे फिरकतही नाहीत. थिरथिरा आणि धोबी हे पक्षी किडे टिपतात; त्यांना बाजरीचं काय? येतात त्या चिमण्या, खारी आणि मुख्य म्हणजे कबुतरं.

कबुतरांमुळे वाटणारी काळजी नुसत्या घाणीपुरती नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास या परजीवीने ग्रीनफिंच पाखरांची संख्या झपाट्याने घटवली. घसा सुजतो, गिळता येत नाही. तोंडातून पडलेल्या ओल्या दाण्यावरून रोग दुसऱ्याला लागतो. कबुतरं या परजीवीची जुनी वाहक. तेव्हापासून तिकडे फीडर लावण्याइतकाच तो धुण्यावर भर आला. आपण फीडर उचलला, ही बाजू तिकडेच राहिली.

इथे ओल येते ती पहाटेच्या दवाने आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या अवकाळीने. तळाचा दाणा गोळा होऊन बुरसटतो, वर मात्र ताजी बाजरी दिसत राहते. त्यामुळे वरून भर घालण्याआधी तळ रिकामा करावा, आठवड्याला साबणाने घासून फीडर उन्हात खडखडीत वाळवावा. शेव-चिवडा नको, त्यात मीठ असतं. दाणे संध्याकाळपर्यंत संपतील एवढेच, आणि आजारी, फुगून बसलेलं पाखरू दिसलं तर फीडर काही आठवडे उतरवूनच ठेवावा.