बेळगावची शिवजयंती वैशाखात का, आणि ते चित्ररथ आले कुठून

मी मूळचा नाशिकचा, नोकरीमुळे बेळगावात आलो. आलो तेव्हा थंडी होती, आणि १९ फेब्रुवारीला सकाळी आवरून बिवरून घरमालक काकूंना विचारलं, काकू मिरवणूक कुठून चांगली दिसते? त्या तुळशीला पाणी घालत होत्या, वळून सुद्धा न बघता म्हणाल्या, "आज कुठली मिरवणूक ओ, आपली वैशाखात असते की." आता आमच्याकडे १९ फेब्रुवारी म्हणजे गाव डोक्यावर घेतात, आणि इथे झेंडे लागलेले, पुतळ्याला हार घातलेला, पण बाकी शहर आपलं कामाला निघालेलं. मला कळेना हे काय प्रकरण आहे.

त्याच फेब्रुवारीत ऑफिसमधल्या पोरांनी गोव्याला कार्निव्हल बघायला नेलं. बेळगावकरांना गोवा म्हणजे चोर्ला घाट उतरला की आलाच, शनिवारी सकाळी निघून दुपारी पणजीत. शनिवारी पणजीची परेड बघितली, रविवारी मडगावची, मग सोमवारी वास्को आणि मंगळवारी म्हापसा असतं पण आमची रजा संपली होती. तिकडे त्याला जुनी माणसं इंत्रुज म्हणतात, ख्रिश्चन लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ लागायच्या आधी पोटभर खाऊन पिऊन घ्यायचं हा मूळ हिशोब. पोर्तुगीज १५१० ला आले आणि १९६१ ला गेले, पण हा सण मागे राहिला. आज जी फ्लोटवाली परेड दिसते ती मात्र पोर्तुगीज काळातली तशीच्या तशी नाही, ती १९६५ ला तिमोतिओ फर्नांडिस यांनी पणजीत सुरू केली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर. पुढे किंग मोमो, तो येऊन फर्मान काढतो की खा, प्या, मजा करा. चार दिवसांचा राजा. मला जाम आवडलं, परत येऊन काकूंना मोबाईलवर व्हिडिओ दाखवले तर म्हणाल्या, चांगलंय, पण आधी आमचे चित्ररथ बघा आणि मग बोला.

तर वैशाख आला, योगायोगाने मिरवणूक शनिवारी रात्री होती, आणि तो अख्खा वीकएंड मी रस्त्यावर काढला. त्यानंतर जे वाचलं, विचारलं, ऐकलं ते हे.

आधी तारखेचं. महाराजांचा जन्म कधीचा यावर दोन मतं पूर्वीपासून होती. एक शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी १६२७, आणि दुसरं शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. बखरींच्या आधाराने वैशाखाची तिथीच सगळीकडे चालायची. मग भोर भागातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे सालवार घटनांची जुनी नोंदवही, टिळकांच्या हाती आली आणि ती १९१६ ला छापून आली, त्यात फाल्गुनाची तिथी होती, पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यानेही तेच सांगितलं, आणि अभ्यासकांचा कल तिकडे गेला. तरी लोकांच्या आणि सरकारच्या कॅलेंडरवर वैशाख बराच काळ टिकून होता, महाराष्ट्र सरकारने १९ फेब्रुवारी पक्की केली ती या शतकाच्या सुरुवातीला. तो निर्णय मुंबईत झाला आणि बेळगाव तेव्हा कर्नाटकात, मग इथे कोण कशाला बदलणार? गल्लीगल्लीच्या मंडळांनी जी तिथी आजोबांकडून घेतली तीच चालू ठेवली. मला यात गंमत अशी वाटते की सीमेपलीकडे राहिल्यामुळे इथे महाराष्ट्राची जुनी सवय जास्त शाबूत राहिली, परदेशात गेलेल्या माणसांकडे कशी जुनी भाषा टिकते तसंच काहीसं.

अजून एक. वैशाख शुद्ध द्वितीयेच्या दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया, आणि त्याच दिवशी बसव जयंती. म्हणजे बेळगावात आज शिवाजी महाराज, उद्या बसवेश्वर, आणि त्यानंतर एकदोन दिवसांत चित्ररथ. मधे निवडणूक वगैरे आली तर पुढे ढकलतात. पहिल्या वर्षी मला वाटलं शहरात एकच मोठा उत्सव चाललाय, भगवे झेंडे आणि बसवण्णांचे बॅनर एकाच खांबावर बघून.

आता मिरवणूक. शिवाजी महाराजांना उत्सवात आणायची कल्पना टिळकांची असं आपण सरसकट म्हणतो, पण महात्मा फुल्यांचा पोवाडा १८६९ चा आहे, रायगडावरच्या समाधीकडे लोकांचं लक्ष वळवण्यात त्यांचा वाटा मोठा. टिळकांनी त्याला जाहीर उत्सवाचं रूप दिलं, १८९६ ला रायगडावर उत्सव झाला, १८९७ ला पुण्यातल्या उत्सवातली भाषणं आणि केसरीतलं लिखाण यावरून राजद्रोहाचा खटला आणि अठरा महिन्यांची शिक्षा. म्हणजे त्या काळी शिवजयंती करणं हे काही निव्वळ ढोलताशा नव्हतं. सार्वजनिक गणपती त्याच्या थोडा आधीचा. दोन्हींचा साचा एकच, गल्लीने वर्गणी काढायची, पोरांनी तालीम करायची, शेवटी सगळ्यांनी रस्त्यावर यायचं.

आणि हा साचा बेळगावात रुजला कारण टिळकांचं इथे चांगलंच जाणं येणं होतं. एप्रिल १९१६ मध्ये इथे प्रांतिक परिषद भरली आणि टिळकांनी होमरूल लीग, म्हणजे स्वराज्य मागणारी संघटना, स्थापन केली ती बेळगावातच. म्हणजे ज्या वर्षी त्यांनी बेळगावात होमरूल उभं केलं त्याच वर्षी त्यांनीच पुढे आणलेली ती जेधे शकावली छापून आली, जिच्यामुळे बाकीच्यांची तारीख बदलली आणि बेळगावची नाही! मला हे वाचून हसूच आलं. इथले त्यांचे खंदे अनुयायी म्हणजे गंगाधरराव देशपांडे, हुदलीचे, ज्यांना लोक कर्नाटक सिंह म्हणतात, टिळकांच्या पाठोपाठ गांधींबरोबर गेले आणि १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन त्यांच्याच खटपटीने झालं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन. हा माणूस मराठीवाल्यांचा की कन्नडवाल्यांचा हा प्रश्न त्या काळात कुणी विचारला असता तर त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मिरवणूक सुरू होते तो नरगुंदकर भावे चौक. मी आधी समजायचो हे कुणी नगरसेवक असतील. तर ते नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे, १८५८ ला इंग्रजांविरुद्ध उठले, पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, आणि पकडून आणून यांना बेळगावात फाशी दिली, १२ जून १८५८. नरगुंद आता गदग जिल्ह्यात. मराठी आडनावाचा राजा, कन्नड मुलखातलं संस्थान, आणि त्याच्या नावाच्या चौकातून महाराजांची पालखी निघते.

आता चित्ररथ म्हणजे नक्की काय ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. ट्रॅक्टरला ट्रॉली, ट्रॉलीवर थर्माकोल आणि प्लायवूडचा किल्ला नाहीतर दरबार, त्यावर गल्लीतलीच पोरं दाढीमिशा लावून उभी, मागच्या गाडीवर जनरेटर धडधडतोय. संवाद बहुतेक आधी रेकॉर्ड केलेले असतात, पोरं नुसते ओठ हलवतात आणि हातवारे करतात, आणि पाच सात मिनिटांत अफझलखान पडतो, पुढच्या चौकात परत उभा राहतो, परत पडतो. रात्रभरात तो खान किती वेळा मरत असेल कुणास ठाऊक. शाहिस्तेखानाची बोटं, आग्र्याचे पेटारे, पावनखिंड, सिंहगड, राज्याभिषेक, हे ठरलेले. दोन ट्रॉल्यांच्या मधे लेझीम, झांजा, लाठीकाठी. गल्ल्या इतक्या अरुंद की किल्ल्याचा बुरूज आणि बाल्कनी यांच्यात हातभर अंतर, आणि पुढे एक पोरगा लांब बांबू घेऊन चालतो, वरची वायर आली की ती उचलून धरतो, ट्रॉली खालून सरकते. सगळ्या मिरवणुकीत मला सगळ्यात जबाबदारीचं काम त्याचं वाटलं. जुनी माणसं सांगतात पूर्वी हे सगळं बैलगाडीवर असायचं आणि उजेडाला पेट्रोमॅक्स.

गोव्याच्या फ्लोटवर माणसं नाचतात, हात हलवतात, इथे नाटक चालतं. आणि ते इथेच का चालतं याचं माझं आपलं एक उत्तर आहे, कुणाला पटो न पटो. हा जिल्हाच नाटकाचा. अण्णासाहेब किर्लोस्कर या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यांचं शाकुंतल १८८० ला पुण्यात रंगमंचावर आलं आणि मराठी संगीत नाटक ज्याला म्हणतात ते तिथून धरतात. या भागात दोन्ही भाषांत कंपन्या फिरल्या, गावोगावच्या जत्रांत पौराणिक ऐतिहासिक नाटकं झाली, राजाचा पोशाख भाड्याने देणारे, रंगवणारे, पडदे करणारे इथे होते. नाटक कंपन्या बसल्या पण ती हौस कुठे जाईल? ती ट्रॉलीवर चढली. म्हणून मला चित्ररथ हा मिरवणुकीपेक्षा फिरत्या रंगमंचासारखा वाटतो, आणि म्हणून डॉल्बी लागली की माझं डोकं उठतं, कारण एका मंडळाच्या भिंतीएवढ्या स्पीकरमुळे मागच्या ट्रॉलीवरचा तानाजी काय बोलतोय ते एक अक्षर ऐकू आलं नाही, पोरगा बिचारा जीव तोडून ओठ हलवत होता.

एक प्रसंग मात्र मला कुठल्याच ट्रॉलीवर दिसला नाही आणि तो तर इथला. १६७८ ला महाराज दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना बेलवडीला, आजच्या बैलहोंगल बाजूला, मराठ्यांच्या सैन्याची तिथल्या राणी मल्लम्माशी लढाई जुंपली, बाई गढी सोडेना, बरेच दिवस वेढा चालला. पुढे मराठ्यांच्या ज्या सरदाराने तिच्याशी गैरवर्तन केलं त्याला महाराजांनी कडक शिक्षा दिली असं सांगतात. धारवाडजवळच्या यादवाडला मारुतीच्या देवळापाशी महाराजांचं दगडी शिल्प आहे, ते मल्लम्मानेच करून घेतलं अशी तिकडची समजूत. हा देखावा कुणी केला तर दोन्ही भाषांत संवाद लिहावे लागतील.

राजकारण नाही असं म्हणणं खोटं होईल. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, १९६७ ला या सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस आहे. तेव्हापासून भगवा झेंडा आणि कन्नडवाल्यांचा लाल पिवळा झेंडा यांना इथे जरा जास्तच अर्थ चिकटलेत. १ नोव्हेंबरला एका बाजूला मराठी मंडळी काळा दिन पाळतात, दुसऱ्या बाजूला चन्नम्मा सर्कलला राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, तुफान मिरवणूक, तिच्यातही ट्रॅक्टर ट्रॉलीवरचे देखावे, तिथे इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा आणि तिचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा. दोन्ही बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की थर्माकोलचा बुरूज सारखाच दिसतो. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे चित्ररथ निघालेच नाहीत, २०२२ ला परत निघाले तेव्हा गर्दी कशी होती ते काकू अजून सांगतात.

बघायला यायचं असेल तर संध्याकाळी येऊन उपयोग नाही, खरी रंगत बारानंतर, जेवून या आणि एखाद्या ओळखीच्या घराचा कट्टा धरून ठेवा. मी रामलिंग खिंड गल्लीच्या बाजूला उभा होतो, पहाटेचे साडेतीन झाले असतील, शेजारी पोरं मिरची भजी खात होती. एक ट्रॉली अडकली म्हणून थांबली, वर तानाजी, ढाल मांडीवर ठेवून बसलेला, आणि खाली त्याची आई डबा घेऊन, "ऊटा आतेनो?" असं विचारत होती. जेवलास का रे. तो वरून म्हणाला, "थांब की आई, कडा चढायचा राहिलाय अजून."