मार्तीन कोदाश: बाइंडिंगमध्ये सापडलेली सात गाणी

मार्तीन कोदाश कोण होता हे धड कुणालाच माहीत नाही. तेराव्या शतकातला कवी, आजच्या स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिसियाचा, आणि त्याच्या गाण्यांत एकाच गावाचं नाव येतं ते म्हणजे विगो, समुद्रकाठचं. बस एवढंच. तरीही मध्ययुगातल्या गॅलिशियन-पोर्तुगीज कवितेचा विषय निघाला की त्याचं नाव येतंच, आणि ते का येतं यासाठी जरा मागे जावं लागतं.

साधारण १२०० ते १३५० या काळात इबेरियाच्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या, पश्चिमेला गाणी रचायची भाषा गॅलिशियन-पोर्तुगीज हीच होती. गॅलिसियातल्या सान्तियागो या तीर्थक्षेत्राच्या यात्रेमुळे फ्रान्सकडची माणसं कायम येत-जात असायची, त्यांच्यासोबत दक्षिण फ्रान्सच्या त्रुबादूर कवींच्या गाण्यांची रीतही आली. भाषेचा मान इतका की कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो गद्य कॅस्टिलियनमध्ये, म्हणजे आजच्या स्पॅनिशच्या जुन्या रूपात, लिहून घ्यायचा पण गाणी रचायची तर याच भाषेत, आणि पोर्तुगालचा राजा दिनीश तर स्वतःच मोठा कवी, त्याची १३७ गाणी टिकलीत.

प्रकार मुख्य तीन. पुरुष प्रेमाने झुरतो ते कान्तिगा द अमोर, टवाळी-शिवीगाळीची वेगळी, आणि तिसरी कान्तिगा द अमीगो, म्हणजे मुलगी आपल्या सख्याबद्दल गाते ती. मला विचाराल तर खरा ऐवज या तिसऱ्यातच आहे. रचणारे सगळे पुरुष पण बोलते ती मुलगी, जसं आपल्याकडे संतांनी गौळणी रचल्या तसंच.

कोदाशची सातही गाणी याच प्रकारातली. पहिल्यात मुलगी विगोच्या लाटांना विचारते, माझ्या सख्याला पाहिलंत का, आणि मग धृपद, देवा, तो लवकर येईल ना? पुढच्या कडव्यात तेच, फक्त ओळींच्या शेवटचे शब्द बदलतात. तिसरं कडवं पहिल्याचीच दुसरी ओळ उचलून पुढे जातं. गोष्ट इंचभरच सरकते पण वाट पाहणं वाढतच जातं. इतक्या कमी शब्दांत इतकं साधलेलं मी तरी फार कमी वाचलंय.

चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर ही परंपरा थांबली. गॅलिसियात लिहिण्याची भाषा हळूहळू कॅस्टिलियन झाली आणि गाणी विस्मरणात गेली. आज आपल्याकडे धार्मिक नसलेली जवळपास १६८० गाणी आहेत ती मुख्यतः तीन संग्रहांमुळे, त्यातले दोन तर सोळाव्या शतकात इटलीत आंजेलो कोलोच्ची नावाच्या विद्वानाने नकलून घेतले म्हणून उरले. पण तिन्हींत फक्त शब्द, चाली नाहीतच.

आणि मग १९१४ च्या आसपास माद्रिदमधल्या पेद्रो विंदेल या पुस्तकविक्रेत्याला प्राचीन रोमन लेखक सिसेरोच्या एका जुन्या हस्तलिखिताच्या बाइंडिंगमध्ये एक चर्मपत्र सापडलं. वर कोदाशचं नाव, खाली सात गाणी, त्यातल्या सहांवर स्वरलेखन! सहावं तेवढं बिनचालीचं, आणि नेमकं त्यातच मुलगी विगोच्या चर्चच्या अंगणात नाचतेय, हे मला फार लागतं. ते चर्मपत्र आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे.

पुढे १९९० मध्ये हार्वी शारर या अभ्यासकाला लिस्बनच्या अभिलेखागारात असंच एक फाटकं पान मिळालं, दिनीशच्या सात गाण्यांचं, चालींचे तुकडे असलेलं, तेही बाइंडिंगमध्येच वापरलेलं. पण ती कान्तिगा द अमोर. त्यामुळे मुलीच्या तोंडच्या गाण्यांच्या मूळ चाली म्हणाल तर आजही कोदाशच्या त्या सहाच.