मोटरीत शिरलेलं पाणी

गाडी सकाळी चालू होत नव्हती आणि दुपारी होत होती. माझ्या एका मित्राची इलेक्ट्रिक गाडी, डिसेंबरचा महिना, नागपूरची पहाट दहा अंशांच्या आसपास. सात वाजता बटण दाबलं की पडद्यावर इन्सुलेशनचा इशारा यायचा आणि गाडी जागची हलायची नाही. अकरानंतर अंगणात ऊन आलं की तीच गाडी काही झालंच नाही अशी निघायची. यात आणखी एक गोष्ट होती, ती मित्राने सहज बोलता बोलता सांगितली. कूलंटच्या, म्हणजे मोटर गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतली पातळी दर महिन्याला बोटभर खाली जात होती, पण गाडीखाली एक थेंबही कधी दिसला नव्हता.

पाणी कमी होतं आणि जमीन कोरडी राहते, तेव्हा ते पाणी गाडीतच कुठेतरी साठत असतं.

इशाऱ्याचा अर्थ आधी सांगतो. इलेक्ट्रिक गाडीतला उच्च दाबाचा विजेचा मार्ग, साधारण 400 व्होल्टचा, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला कुठेच जोडलेला नसतो. तो मुद्दाम अलग ठेवतात, म्हणजे एखादी तार चुकून बॉडीला टेकली तरी दाराला हात लावणाऱ्याला झटका बसू नये. गाडी चालू होताना आणि चालू असतानाही या दोहोंमधला रोध मोजला जातो. आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांत एकदिश (डीसी) प्रवाहाच्या भागासाठी प्रत्येक व्होल्टमागे किमान 100 ओहम आणि मोटरीसारख्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाच्या भागासाठी 500 ओहम रोध हवा असं धरलं आहे. 400 व्होल्टला 500 ने गुणलं की 2 लाख ओहम. रोध ठरलेल्या मर्यादेखाली घसरला की गाडी इशारा देते, काही गाड्या चालूच होत नाहीत. मित्राला वाटत होतं की इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं. खरं तर ते चोख काम करत होतं.

विजेच्या मोटरीत पाणी घालायचंच कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. कारण उष्णता. चांगली मोटर 93-94 टक्के वीज चाकापर्यंत पोचवते, म्हणून तिचं कौतुक होतं, पण उरलेले सहा टक्के लहान नाहीत. 40 किलोवॉट खेचणाऱ्या मोटरीत ते 2.4 किलोवॉट होतात. घरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. तेवढी उष्णता एका मोठ्या पातेल्याएवढ्या बंद डब्यात सतत तयार होत राहते. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. 25 अंशांवरून 150 अंशांवर गेलेल्या तांब्याचा रोध जवळपास दीडपट होतो. म्हणजे तापलेली मोटर आणखी तापते. वाइंडिंगवरच्या, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांवरच्या, इन्सुलेशनला तर मर्यादाच ठरलेली आहे, एफ वर्गाला 155 अंश, एच वर्गाला 180. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा आडाखा रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटरीत नवी तार भरण्याच्या, धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मेअखेरच्या नवतपात वर्धा रोडवर हवाच 45 अंशांची असते, तेव्हा नुसत्या पंख्याने हे जमत नाही. पाणी आणि ग्लायकोलचं मिश्रण मिनिटाला आठ लिटर फिरवलं, तर तो गिझरभर ताप ते स्वतः जेमतेम पाच अंशांनी तापून वाहून नेतं.

गाडी मी नेली ती इतवारीच्या बाजूच्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात. हे मिस्त्री उन्हाळ्यात कूलरच्या मोटरी आणि वर्षभर शेतातल्या सबमर्सिबल भरतात. इलेक्ट्रिक गाडीची मोटर त्यांनी त्याआधी उघडली नव्हती, पण पाण्यात राहणारी मोटर त्यांच्याइतकी ओळखणारं माणूस मला माहीत नव्हतं. विदर्भातल्या बोअरवेलमधली नेहमीची सबमर्सिबल आतून पाण्यानेच भरलेली असते. तिथे वाइंडिंगच्या तारेला प्लास्टिकचं जाड वेष्टण असतं, त्यामुळे पाणी तारेला चिकटून असलं तरी बिघडत नाही. गाडीच्या मोटरीची तार मात्र इनॅमलची, वर व्हार्निश. ते वेष्टण केसापेक्षाही पातळ असतं आणि कुठेतरी सुईच्या टोकाएवढं छिद्र राहून जातं. कोरड्या मोटरीत त्याने काही अडत नाही. त्या छिद्रावर वीजवाहक कूलंट बसलं की मग रस्ता तयार होतो.

कूलंट साध्या पाण्यापेक्षाही जास्त छळतं, हे त्या दुकानात मला नीट कळलं. पावसात भिजलेली मोटर उन्हात ठेवली की वाळते. पण एथिलीन ग्लायकोल 197 अंशांना उकळतं. पाणी उडून जातं आणि ग्लायकोल व गंजरोधक क्षार यांचा चिकट थर वाइंडिंगवर राहतो. तो हवेतली ओल ओढून घेतो. म्हणून अशी मोटर नुसती भट्टीत घालून वाळवली, तर दुकानातून धडधाकट निघते आणि पहिल्या पावसाळ्यात परत येते.

उघडण्याआधी गाडीची उच्च दाबाची जोडणी तोडली, कंपनीने सांगितलेला वेळ थांबलो, 1000 व्होल्टचे रबरी हातमोजे घालून मीटरने शून्य व्होल्ट पाहिलं आणि मगच पुढे गेलो. इन्व्हर्टरमधले, म्हणजे बॅटरीची एकदिश वीज मोटरीसाठी प्रत्यावर्ती करणाऱ्या भागातले, कपॅसिटर बॅटरी तोडल्यावरही काही काळ भारलेले राहतात. ज्याला हे शिकवलेलं नाही त्याने इथे हात घालू नये, हे मी कळकळीने सांगतो. मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर, लावतानाही मोटर इन्व्हर्टरपासून सोडवावीच लागते, नाहीतर मेगरचे 500 व्होल्ट इन्व्हर्टरचे नाजूक भाग जाळतील.

रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा गाभा, काढणं हे सगळ्यात अवघड काम निघालं. आतले निओडिमियम चुंबक इतके ओढतात की रोटर जरा तिरका झाला तर स्टेटरला, म्हणजे भोवतीच्या स्थिर भागाला, चिकटून वाइंडिंग खरवडतो, बोट मध्ये आलं तर चिरडतं. मिस्त्रींनी लेथवर एक लांब मार्गदर्शक दांडा बनवून घेतला आणि रोटर त्यावरून सरळ वर घेतला. दोन तास त्यातच गेले.

आत दृश्य स्पष्ट होतं. स्टेटरभोवती ॲल्युमिनियमचं कवच, त्याच्या आणि बाहेरच्या आवरणाच्या मधून कूलंट फिरतं, आणि दोन्ही टोकांना एकेक ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, ते अडवून धरते. खालच्या ओ-रिंगच्या खोबणीत पांढरी भुकटी साचली होती. ॲल्युमिनियम गंजलं होतं. मित्राला विचारलं तेव्हा कळलं की मे महिन्यात पातळी थोडी कमी दिसली म्हणून त्याने चांगल्या हेतूने बोअरचं पाणी ओतलं होतं, तेही दोनतीनदा. नागपुरातल्या कोणालाही बोअरच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. एका उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवर जो पांढरा कडक थर चढतो, तो त्याच क्षारांचा. त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियम खातात, आणि पाणी ओतल्याने कूलंटमधली गंजरोधक द्रव्यंही पातळ होतात. आपल्याकडे कूलंट गोठण्याची भीती नाही, म्हणून पाणी चालेल असं अनेकांना वाटतं. पण इथे कूलंट लागतं ते गंज अडवण्यासाठी आणि उशिरा उकळण्यासाठी.

मग सकाळीच बिघाड का? रबर उष्णतेने प्रसरण पावतं आणि थंडीने आकसतं, तेही धातूच्या कित्येक पटींनी. सतत तापून दबलेली जुनी ओ-रिंग कडक होते, तिची मूळची फुगण्याची ताकद जाते. दुपारी ती फुगून खोबणी कशीबशी भरायची, पहाटे आकसून फट सोडायची. शिवाय रात्री गार झालेल्या मोटरीत आतली ओल वाइंडिंगवर दव होऊन बसायची. ऊन लागलं की दव उडायचं आणि गाडी चालू व्हायची. महिनाभर आम्ही सगळे वायरिंग तपासत बसलो होतो; घड्याळ आणि थर्मामीटर आधी पाहायला हवे होते.

स्टेटर गरम डिस्टिल्ड वॉटरने अनेकदा धुतला. निथळलेल्या पाण्याचा चिकटपणा जाईपर्यंत धुतला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. त्यानंतर भट्टीत 100 अंशांच्या थोडं वर. इथे मी घाबरलो होतो, कारण पहिल्या तासांत मेगरचं वाचन वाढण्याऐवजी कमी होत गेलं. मिस्त्रींनी मान हलवली. इन्सुलेशन गरम झालं की त्याचा रोध मुळातच उतरतो, आणि कोपऱ्यातली ओलही आधी पसरते. ओल बाहेर पडू लागली की काटा चढतो, आणि चढून एका जागी स्थिरावला की मोटर वाळली असं समजायचं. वाचन खाली गेलं म्हणून घाबरून भट्टी बंद करणारे आणि चढायला लागलं म्हणून लगेच बाहेर काढणारे, दोघंही चुकतात. आमचा काटा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्थिरावला. वर व्हार्निशचा नवा हात दिला आणि पुन्हा भट्टी.

नवी ओ-रिंग ईपीडीएम रबराची घेतली. ग्लायकोलला ते रबर उत्तम टिकतं, पण खनिज तेलात फुगून खराब होतं. दुकानात हाताशी असतं ते पिवळं ग्रीस खनिज तेलाचंच. सवयीने ते बोटभर लावलं असतं तर नवी रिंग काही महिन्यांत गेली असती. म्हणून सिलिकॉन ग्रीस आणलं. खोबणी साफ करून तिच्या कडेची धार पॉलिश पेपरने मोडली, कारण बसवताना अशाच धारेवर रिंग कापली जाते आणि ती चीर बाहेरून कधीच दिसत नाही.

जोडल्यावर कूलंट भरण्याआधी त्या मार्गात एक बार दाबाची हवा भरून झडप बंद केली आणि अर्धा तास गेज पाहत बसलो. यात एक फसगत असते. मोटर उन्हातून सावलीत आणली आणि आतली हवा 10 अंशांनी गार झाली, तर गळती नसतानाही दाब सुमारे 0.06 बारने उतरतो. म्हणून मोटर आधी तासभर सावलीत ठेवली. काटा हलला नाही.

आमची गळती तशी सोपी होती, कारण ओ-रिंग एका जागी बसून असते. फिरणाऱ्या शाफ्टवरचं सील ही फार कठीण गोष्ट आहे. 2012 मध्ये आलेल्या टेस्लाच्या मॉडेल एसची मोठी मोटर याचं चांगलं उदाहरण आहे. ती इंडक्शन जातीची. या जातीत रोटरमध्ये चुंबक नसतो, त्यात वीज प्रेरित होते आणि त्यामुळे रोटर स्वतःच तापतो. स्लिप, म्हणजे फिरत्या चुंबकक्षेत्रामागे रोटर जेवढा रेंगाळतो ते प्रमाण, तीन टक्के असेल तर हवेच्या फटीतून पलीकडे गेलेल्या शक्तीचे तीन टक्के रोटरमध्ये उष्णता होतात, 50 किलोवॉटला दीड किलोवॉट. चहूबाजूंनी फक्त हवा असलेल्या रोटरमधून ती काढायची तर शाफ्ट पोकळ करून आत कूलंट सोडावं लागतं, आणि टेस्लाने तेच केलं. मग थांबलेली नळी आणि फिरणारा शाफ्ट यांच्यामध्ये सील आलं.

त्या सीलच्या नशिबी काय येतं याचा मी हिशेब केला. शाफ्टचा व्यास समजा 30 मिमी. मोटर चाकाच्या सुमारे 9.7 पट फिरते. समृद्धी महामार्गाच्या पूर्ण 701 किमी लांबीवर गाडी एकदा धावली, तर सीलच्या ओठाखालून, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेखालून, शाफ्टचं पोलाद साधारण 290 किमी सरकलेलं असतं. ताशी 120 च्या वेगाला ओठ आणि पोलाद एकमेकांवर ताशी 50 किमीने घासत असतात. तेल असतं तर त्याने वंगण तरी दिलं असतं, कूलंट फारसं देत नाही. ओठ झिजतो, कूलंट बेअरिंगकडे, तिथून स्टेटरकडे जातं, आणि पुढे इन्व्हर्टरपर्यंतही पोचू शकतं. या मोटरी दुरुस्त करणारे कारागीर म्हणूनच वेग मोजणारा सेन्सर आधी काढून पाहतात. त्या खाचेत ओल सापडली की सील गेलं. दुरुस्तीत सुधारित सील, नवी बेअरिंग आणि शाफ्टवर ओठाने खाच पाडली असेल तर तिचा बंदोबस्त, एवढं सगळं एकदम करतात. बेअरिंग बहुधा सिरॅमिक गोळ्यांची घेतात, कारण इन्व्हर्टरमुळे शाफ्टवर येणारी वीज साध्या बेअरिंगमधून ठिणग्या पाडत जाते आणि गोळ्या फिरण्याच्या मार्गावर बारीक खड्डे पाडते.

काही जण रोटरचं पाणीच बंद करून टाकतात. गळती संपते, हे खरं. शहरात चार-पाच किमी फिरणाऱ्या गाडीला कदाचित चालेलही, पण नागपूरच्या मे महिन्यात लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या गाडीत मी ते करणार नाही. तापमानाचा सेन्सर स्टेटरवर असतो, रोटर किती तापला हे गाडीला थेट कळत नाही.

मी हे सगळं मिस्त्रींना सांगत होतो तेव्हा त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "पाणी थांबत नाही जी. त्याले रस्ता द्या लागते, नाही तं थे सोताचा रस्ता काढते." मग कोपऱ्यातला एका पेट्रोल गाडीचा जुना वॉटर पंप उचलून त्याच्या पोटातलं छोटं भोक दाखवलं. सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून खाली टपकतं, आणि मालकाला जमिनीवर डाग दिसतो. दोन सीलांच्या मध्ये बाहेर उघडणारी अशी एक वाट ठेवली की पहिलं सील गेल्याचं दुसरं जाण्याआधी कळतं. मला पटलेली दुरुस्ती हीच. कितीही महागाचं एकच सील बसवून निर्धास्त राहण्यापेक्षा मी त्या भोकावर विश्वास ठेवीन. टेस्लाने 2017 च्या मॉडेल 3 मध्ये वेगळी वाट धरली. मोटरीच्या आत तेलच फिरवलं आणि पाणी बाहेरच्या उष्णता-विनिमयकापर्यंतच ठेवलं. तेल वीज वाहत नाही, ते वाइंडिंगवर पडलं तरी चालतं.

आमच्या मोटरीच्या आवरणाला नवीन भोक पाडायला मी धजावलो नाही. ओतीव ॲल्युमिनियममध्ये आत कुठे काय आहे याचा नकाशा आमच्याकडे नव्हता. म्हणून टाकीवर मार्करने रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली, आणि मित्राला सांगितलं की दर रविवारी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, गार असतानाच पाहायचं. बोअरचं पाणी बंद, कंपनीने सांगितलेलं तयार कूलंटच. पुढच्या डिसेंबरात एका पहाटे त्याने फोटो पाठवला. काचेवर धुकं होतं, टाकीतलं कूलंट रेघेवर होतं, आणि गाडी चालू होती.